चालवत न्यावी की चढवून पाठवावी?

घर हलवताना पलंग, कपाटं, भांडी सगळं उचलून न्यावं लागतं. गाडी तेवढी स्वतःच्या चाकांवर जाऊ शकते, आणि वाद तिथूनच सुरू होतो. जी वस्तू आपण चालवत नेऊ शकतो ती अनोळखी माणसांच्या हवाली करायची आणि वर त्यांनाच पैसे मोजायचे, हे काहींना अजिबात पटत नाही. काहींना उलट सामान आवरून, मुलांची शाळा बदलून, नोकरी सांभाळून पुन्हा दोन दिवस स्टिअरिंगवर बसणं हाच वेडेपणा वाटतो.

आमच्या घरात ही दोन्ही मतं आहेत. माझी लेक कोथरूडहून बंगळुरूला राहायला चालली आहे. जावई आधीच तिकडे रुजू झालेत, नात चार वर्षांची, आणि गाडी म्हणजे पाच वर्षं वापरलेली पेट्रोलची हॅचबॅक. माझा भाऊ मोटार विम्याचा सर्व्हेअर होता. नुकसान झालेली गाडी जाऊन बघायची, ते कशाने झालं आणि किती झालं याचा अहवाल द्यायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. हायवेवर ठोकलेल्या गाड्या त्याने पाहिल्या आहेत आणि ट्रेलरवरून खरचटून उतरलेल्याही. त्यामुळे त्याच्या विरोधाला आधार आहे, आणि लेकीच्या निर्णयालाही. त्या दोघांचं बोलणं मी जसं ऐकलं तसं मांडते आहे. मला जिथे राहवलं नाही तिथे मीही बोलले आहे.

भाची: मामा, गाडी ट्रेलरवरूनच पाठवायची असं मी ठरवलंय. दोन कंपन्यांचे दर आलेत, दहा ते पंधरा हजारांच्या मध्ये.

मामा: आणि चालवत नेलीस तर? साधारण साडेआठशे किलोमीटर. तुझी गाडी लिटरला पंधरा देते असं धर. छप्पन-सत्तावन्न लिटर पेट्रोल, म्हणजे सहा हजारांच्या आत-बाहेर. टोल वेगळा, हुबळीला एक मुक्काम. सगळं मिळून ट्रेलरच्या भाड्याएवढंच, कदाचित थोडं कमी. आणि गाडी पूर्ण वेळ तुझ्या ताब्यात.

भाची: पैशांसाठी मी पाठवतच नाहीये. चालवणार कोण, ते सांगा. नवऱ्याने सुट्टी काढून विमानाने इकडे यायचं, किंवा मी एकटीने मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी घेऊन जायचं. सातारा ते कागल रस्त्याचं काम चालूच आहे, जागोजागी वळवलेली वाहतूक.

मामा: दिवसाउजेडी निघ, दोन टप्पे कर, रात्री अजिबात चालवू नकोस.

भाची: घर आवरण्याच्या आठवड्यात माणूस धड झोपलेला नसतो, मामा. अशा माणसाने हायवेवर गाडी घालू नये हे तुमच्याकडूनच मी लहानपणापासून ऐकत आलेय.

याला दादाकडे उत्तर नव्हतं, आणि ते असू नये असंच मला वाटतं. चालवत नेण्याचा हिशोब मांडताना आपण पेट्रोल आणि टोल मोजतो, चालवणाऱ्याचा थकवा मोजत नाही. तरुण, एकटा, घाई नसलेला माणूस असेल तर तो खुशाल कोल्हापुरात जेवत, बेळगावात थांबत जाईल. लहान मूल आणि सोमवारची कामावरची हजेरी पाठीशी असली की तोच रस्ता वेगळा होतो. पण दादाचा मूळ आक्षेप रस्त्याबद्दल नव्हताच.

मामा: बरं, रस्त्याचं सोड. ट्रेलरवर एकदा नीट बांधलेली गाडी बहुधा सुखरूप जाते. नुकसान होतं ते दोन्ही टोकांना. तेवढा लांब ट्रेलर तुमच्या गल्लीत येत नाही, म्हणून दारातून यार्डापर्यंत कुणीतरी ड्रायव्हर गाडी चालवत नेणार. यार्डात दुसरा माणूस ती चढवणार. वाटेत ट्रेलर बदलला तर आणखी एकदा उतरवणं आणि चढवणं. बंगळुरूला तिसरा उतरवणार आणि चौथा दारात आणून देणार. एवढ्या जणांपैकी एकाचंही नाव तुला माहीत नसतं, आणि गाडीला काही झालं की प्रत्येक जण म्हणतो, माझ्याकडे आली तेव्हा अशीच होती.

भाची: नेमकं होतं काय? ओरखडे?

मामा: ओरखडे दिसतात तरी. रॅम्पचा चढ उभा असला की पुढच्या बंपरची खालची कड घासते. ती उभ्याने दिसत नाही. खाली वाकून कडेवरून बोटं फिरवावी लागतात, घासलं असेल तर खरखर हाताला लागते. चाकांवरून पट्टे टाकून गाडी बांधायला हवी. कुणी घाईत सस्पेन्शनच्या दांडीला साखळी घालून आवळतो, आणि मग तिकडे पोचल्यावर गाडी चालवताना एका बाजूला ओढते. मालकाला वाटतं अलाइनमेंट गेलं असेल. सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गाडीचं ऑइल खालच्या गाडीच्या बॉनेटवर ठिबकतं. त्यात ब्रेक ऑइल असलं तर ते रंगच खातं. चार दिवस उन्हात तसंच राहिलं की डाग पॉलिशने जात नाही.

भाची: मग बंद ट्रेलर घेते.

मामा: त्याने पाऊस, धूळ, उडणारे खडे यांच्यापासून वाचशील. चढवणारे हात तेच राहतात. कोरी किंवा फार महागडी गाडी असेल तर बंद घ्यावा. तुझ्या गाडीला उघडा पुरे. वरच्या मजल्यावर जागा मिळेल का, एवढं मात्र आधीच विचारून ठेव.

भाची: मामा, तुम्ही जे सांगताय त्यातून गाडी पाठवू नये असं काही निघत नाही. कशी पाठवावी तेवढं निघतं.

इथून बोलणं खऱ्या मुद्द्यावर आलं. माझंही मत हेच झालं आहे. या सगळ्या व्यवहारात धोका अंतराचा नाही. गाडी जिथे जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिथे तिथे तो आहे. त्या प्रत्येक ठिकाणी गाडीची अवस्था लिहिलेला आणि दोघांच्या सह्या असलेला कागद असेल तर पाठवण्याला माझी हरकत नाही. तो नसेल तर स्वस्तातला दरही महागच पडतो.

भाची: दोन्ही कंपन्या नावाजलेल्या आहेत. निवडायची कशी?

मामा: पहिला प्रश्न हा विचार, की ट्रेलर तुमच्या मालकीचा आहे का? बहुतेक ठिकाणी फोनवर बोलणारा बुकिंग घेतो, तो ते दलालाला देतो, दलाल ट्रेलरवाल्याला. तू ज्याला पैसे देतेस आणि ज्याच्या ताब्यात गाडी आहे ते दोघे एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. ट्रेलर भाड्याचा असला तरी चालेल, पण बिल्टी, म्हणजे माल नेण्याच्या कराराचा कागद, कुणाच्या नावाने फाटणार आणि वाटेत जबाबदार कोण, हे आधी कळायला हवं.

भाची: पुण्याहून बंगळुरूला रोज ट्रेलर जात असतील ना?

मामा: जातात. चाकणला, रांजणगावला गाड्यांचे कारखाने आहेत, तिथून नव्या गाड्या भरून ट्रेलर देशभर सुटतात. त्यांचं पोट त्या मालावर आहे. तुझ्यासारखीची एखादी गाडी उरलेल्या जागेत जाते. म्हणून ते दारातून गाडी लगेच उचलतात आणि पुढे जागा मिळेपर्यंत ती यार्डात उभी राहते. आठवडा लागला तर त्यातले रस्त्यावरचे दिवस दोन-तीनच असतात.

भाची: म्हणूनच एक कंपनी पोचण्याची तारीख लिहून द्यायला तयार नाही.

मामा: नेमकी तारीख कुणीच देणार नाही, आणि जो छातीठोक देतो त्याच्यावर मी आधी संशय घेईन. अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान पोचवू, एवढं लिहून घे. गाडी यार्डात किती दिवस उभी राहू शकते तेही घे. आणि यार्ड कुठे आहे? वर छप्पर, दाराला पहारेकरी, की हायवेच्या कडेचं मोकळं मैदान?

भाची: तिसराही एक दर आला होता. सात हजार.

मामा: त्याच्याकडे परत फोन करू नकोस. एवढ्यात परवडत नाही, म्हणजे उरलेले पैसे नंतर निघणार आहेत. गाडी चढली की फोन येतो. टोल वाढला, गाडी मोजमापात मोठी निघाली, अमुक नाक्यावर इतके द्यावे लागले. ते दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. तोवर चावी त्यांच्याकडे, तू दुसऱ्या राज्यात. शिवाय मोठ्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून दुकान उघडणारेही आहेत. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघ, नाव आणि पत्ता जुळायला हवा. पैसे कंपनीच्या खात्यात टाक, कुणा माणसाच्या मोबाइल नंबरवर नको. आणि त्यापैकी काही रक्कम गाडी हातात आल्यावर द्यायची.

भाची: ते सगळे आधी मागतात.

मामा: मागतातच. अर्धे उचलताना, अर्धे पोचल्यावर, यावर अडून बस. ऑफिस प्रत्यक्ष बघून यायला निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत मी जाईन, तुला वेळ नाही हे मला कळतंय.

मग विषय बिल्टीवर आला. लोक बिल्टीला पावती समजतात, घडी घालून पाकिटात ठेवतात आणि विसरतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात वाचण्यासारखा कागद तोच.

मामा: बिल्टीवर गाडीची किंमत किती लिहिली जाणार आहे?

भाची: किंमत? गाडीचा नंबर, भाडं, कुठून कुठे, एवढंच असतं ना?

मामा: तिथेच माणसं अडकतात. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे, तो २०११ च्या मार्चपासून लागू झाला. माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदार जबाबदार, पण ती जबाबदारी नियमांनी मर्यादित केलेली आहे, भाड्याच्या दहा पटींपर्यंत. तुझं भाडं समजा बारा हजार. दहा पट म्हणजे एक लाख वीस हजार. गाडी किती लाखांची?

भाची: विम्यात सहा लाख धरलेत.

मामा: म्हणजे ट्रेलर दरीत गेला तरी तो कायद्याने वीस टक्क्यांवर हात झटकू शकतो.

भाची: पण त्यांनी मला दीड टक्का जास्त द्या असं सांगितलंय, ट्रान्झिट इन्शुरन्ससाठी. नऊ हजार होतात. मी ते लुबाडणं समजत होते.

मामा: ते लुबाडणंही असू शकतं आणि पूर्ण कायदेशीरही. त्याच कायद्यात सोय आहे की माल पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर दिला तर ती दहा पटींची मर्यादा राहत नाही. पण मग बिल्टीवर तसं लिहिलेलं हवं, किमतीसकट. दुसरा मार्ग, ते खऱ्या विमा कंपनीकडून तुझ्या गाडीसाठी पॉलिसी काढून देतील. तसं असेल तर पॉलिसीचा कागद माग. त्यावर विमा कंपनीचं नाव हवं, तुझं नाव हवं, गाडीचा नंबर हवा. यातलं काहीच न देता नुसत्या बिलात इन्शुरन्स म्हणून नऊ हजारांची ओळ टाकली, तर त्या पैशांच्या बदल्यात तुझ्या हातात काही नाही.

भाची: आणि बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं की माल मालकाच्या जबाबदारीवर, ते?

मामा: त्यावर काट मारायला सांग. नाही ऐकलं तर दुसऱ्या कंपनीकडे जा. तसं छापल्याने ग्राहक आयोगापुढे तो आपोआप सुटत नाही, पण भांडण मात्र तुलाच करत बसावं लागतं.

भाची: यापेक्षा माझ्या गाडीचा आहे तो विमा चालणार नाही का?

या प्रश्नावर दादाचा चेहरा खुलला. त्याचं आयुष्य या कलमांमध्ये गेलं आहे, आणि बहुतेक गाडीमालकांना हे ठाऊकच नसतं असं तो नेहमी कळवळून सांगतो.

मामा: चालतो! तुझी पॉलिसी नुसती थर्ड पार्टी नाही ना? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्यात आहे ना? मग त्यातच छापलेलं असतं की गाडी रस्त्याने, रेल्वेने, नदी-कालव्यातल्या जलमार्गाने, लिफ्टने किंवा विमानाने नेली जात असताना झालेलं नुकसानही धरलं जाईल. आग, चोरी, पूर यांच्याच यादीत ते आहे. उलटून बघ.

भाची: मग नऊ हजार कशाला देऊ?

मामा: थांब. ट्रेलर उलटला, गाडी जळाली, चोरीला गेली, अशा मोठ्या नुकसानीला तुझी पॉलिसी कामाला येईल. पण बहुतेक वेळा होतं काय, तर बंपर घासतो. बंपर प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, म्हणजे झीरो डेप, घसारा न कापण्याची जादा सोय, घेतलेली नसेल तर नव्या बंपरची अर्धीच किंमत मिळणार. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार सक्तीने तुझ्या वाट्याचे. आणि दावा केलास की नो क्लेम बोनस गेला. तुझा किती आहे?

भाची: पन्नास टक्के झाला या वर्षी.

मामा: मग पाच-सात हजारांच्या बंपरसाठी तो घालवणं शहाणपणाचं नाही. म्हणून लहान नुकसान ट्रेलरवाल्याकडून वसूल व्हायला हवं आणि मोठं विम्यातून. ट्रेलरवाल्याकडून वसूल करायचं तर गाडी देताना ती कशी होती याचा पुरावा हवा. दिवसाच्या उजेडात, गाडी धुतलेली असताना चारही बाजू, छत, काचा, बंपरची खालची कड, चाकांच्या रिंगा, ओडोमीटर, पेट्रोलचा काटा, सगळ्याचे फोटो. नेणाऱ्याच्या तक्त्यावर आधीचे ओरखडे नोंदलेले असायला हवेत आणि खाली त्याची सही. धुळकट गाडी दिलीस की तो आधीच लिहून टाकतो, धुळीमुळे तपासता आली नाही.

मी मध्येच विचारलं, की विमा कंपनीने पैसे दिले तर ट्रेलरवाला सुटला का? दादा म्हणाला, नाही. विमा कंपनी भरपाई देते आणि मग तुमच्याऐवजी ती स्वतः वाहतूकदाराच्या मागे लागते. पण तुम्ही आधीच सगळी जोखीम माझी असं सही करून दिलं असेल तर तिचाही हात बांधला जातो. त्यावरून ती तुमच्याशीही वाद घालू शकते. घाईत केलेली एक सही किती दूरवर जाते हे मला पहिल्यांदाच कळलं.

भाची: डिकीत कपड्यांच्या दोन बॅगा आणि मिक्सर ठेवू का? नाहीतरी रिकामीच जाणार.

मामा: काही ठेवू नकोस. मोटार विम्यात गाडीतलं सामान येत नाही, वाहतूकदारही ते धरत नाही. हरवलं तर ते होतं हेच सिद्ध करता येत नाही. स्टेपनी आणि जॅक राहू दे, पण नोंदवून. पेट्रोल पाव टाकी. एकच चावी द्यायची. आरसीची मूळ प्रत द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची.

भाची: आणि फास्टॅग काढून ठेवायचा, हे मी वाचलंय.

मामा: हो. ट्रेलरवर चढवलेल्या गाडीचा टॅगही नाक्यावरचा रीडर वाचू शकतो. मग ट्रेलरचाही टोल जातो आणि तुझाही.

भाची: मला तर तो काचेवर राहू द्यावासा वाटतोय. खात्यात दोन-तीनशेच ठेवेन. गाडी यार्डात आहे असं ते सांगत असताना माझ्या मोबाइलवर टोलनाक्याचा मेसेज आला, तर मला कळेल की कुणीतरी ती रस्त्यावर फिरवतोय.

मामा: ट्रेलरवर असतानाही तोच मेसेज येणार. कसं ओळखशील?

भाची: नाका कुठला आणि वेळ काय, यावरून. सिंहगड रोडच्या यार्डात असलेल्या गाडीचा मेसेज लोणावळ्याच्या बाजूने आला तर?

या मुद्द्यावर दोघांचं जमलं नाही. पाळत ठेवायची तर सीटखाली छोटा जीपीएस ट्रॅकर टाक, हे दादाचं म्हणणं मला जास्त पटलं. पण ओडोमीटरचा फोटो या दोन्हींपेक्षा साधा आणि बिनखर्चाचा. दार ते यार्ड आणि यार्ड ते दार एवढीच भर त्यात पडायला हवी. शंभर-दोनशे किलोमीटर वाढलेले दिसले तर विचारायला आपल्याकडे आकडा असतो.

रेल्वेचाही विषय निघाला, कारण कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी खाजगी गाड्यांसाठी रो-रो सेवा सुरू केली ती लेकीने बातमीत पाहिली होती. ट्रकांसाठी ही सोय १९९९ पासून आहे. कारचं भाडं ७,८७५ रुपये ठेवलं होतं, एका फेरीत चाळीस गाड्या मावतील अशी व्यवस्था, आणि गाडीबरोबर माणसांनाही त्याच रेल्वेने जाता येईल अशी सोय. संध्याकाळी कोलाडला चढवायची, पहाटे गोव्यात उतरवायची. मला ही कल्पना मनापासून आवडते. मालक सोबत असतो, दलाल मध्ये नसतो, आणि रात्री घाटात गाडी चालवावी लागत नाही. पुणे-बंगळुरू मार्गावर असं काही असतं तर हा सगळा लेख लिहावा लागला नसता. सध्या तरी घर बदलणाऱ्या एकट्या कुटुंबासमोर ट्रेलर हाच मार्ग उरतो.

मामा: आता मूळ प्रश्न. गाडी नेऊन तिचं करणार काय आहेस? पासिंग इथलं आहे.

भाची: वर्षभर तरी एमएच नंबरवर चालवता येते ना?

मामा: मोटर व्हेइकल्स ॲक्टचं सत्तेचाळिसावं कलम तेच सांगतं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओकडून एनओसी, अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती. जुनी चलनं थकली असतील ती आधी भरायची.

भाची: आणि कर पुन्हा.

मामा: पुन्हा. कर्नाटकात आजीवन कर नव्या गाडीला किमतीप्रमाणे तेरापासून अठरा टक्क्यांपर्यंत आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होत जातो, तरी रक्कम हजारांत सहज मोठी होते. इथे भरलेल्या करापैकी उरलेल्या वर्षांचा परतावा महाराष्ट्राकडे मागता येतो, पण आधी तिकडे भरायचं, तिकडची आरसी दाखवायची, मग इकडे अर्ज करायचा.

भाची: बीएच, म्हणजे देशभर चालणारा नंबर?

मामा: तो २०२१ च्या सप्टेंबरपासून आला, आणि पुढे आधी नोंदलेल्या गाड्यांनाही खुला झाला. पण खाजगी नोकरीत असशील तर कंपनीची ऑफिसं चार किंवा अधिक राज्यांत हवीत.

भाची: आमची दोनच ठिकाणी आहेत. पुणे आणि बंगळुरू.

मामा: मग इथेच विकून टाक. तिकडे तिकडची घे.

भाची: पाच वर्षांची, एका हातात वापरलेली, कुठे ठोकलेली नाही अशी गाडी मी विकून परत दुसऱ्या कुणाची अनोळखी गाडी घेऊ? आणि दोन वर्षांत परत यायचं ठरलं तर? नवरा म्हणतोय की आधी एक वर्ष राहून बघू.

दादाला विकणं सोपं वाटतं, कारण त्याला गाडी म्हणजे मोडतोडीचा अंदाज बांधायची वस्तू. मला लेकीचं पटतं, पण वेगळ्या कारणाने. पाठवायची की विकायची याचा निर्णय भाड्याच्या दरावर घेऊच नये. तिकडे किती राहायचं आहे, यावर घ्यावा. कायमचं जायचं असेल आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर वाहतूक, नवा कर, कार्यालयाच्या फेऱ्या हे सगळं मिळून गाडीच्या उरलेल्या किमतीचा मोठा भाग खाऊन टाकतं. तिथे विकणंच योग्य. वर्षभर राहून बघायचं असेल आणि गाडी चांगली असेल तर ती पाठवावी, आणि एनओसीची घाई करू नये. मात्र बाराव्या महिन्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवावी. गाडी बंगळुरूत कधी पोचली याचा पुरावा म्हणूनही ती बिल्टी पुढे उपयोगी पडते.

मामा: ठीक आहे, पाठव. पण ट्रेलर नेलमंगलाच्या बाजूला, तुमकूर रोडवर थांबेल. शहरात दिवसा असली धुडं सोडत नाहीत. तिथून तुझं घर व्हाइटफील्डला, म्हणजे सगळं शहर ओलांडून पलीकडे. तेवढा तुकडा त्यांच्या ड्रायव्हरच्या हातात देऊ नकोस. जावयाला म्हणावं, सकाळी जाऊन यार्डातूनच गाडी ताब्यात घे.

भाची: दारापर्यंतचे पैसे दिल्यावर?

मामा: दिल्यावरसुद्धा. अनोळखी माणूस, बंगळुरूची गर्दी, आणि त्याला दिवसाला तीन गाड्या पोचवायच्यात. मी बघितलेल्या नुकसानींपैकी बरीचशी शेवटच्या पन्नास किलोमीटरांतली होती.

भाची: यार्डातून आम्ही उचलली आणि वाटेत काही लागलं, तर ते आमच्यावर. दारात आली तर दारात येईपर्यंतची जबाबदारी त्यांची. मी दारातच घेणार, मामा. फक्त सकाळी नऊ ते पाचमध्ये आणा असं बिल्टीवर लिहून घेणार, म्हणजे उजेडात तपासता येईल.

मामा: हे चांगलं आहे. हे मला सुचलं नव्हतं.

भाची: आणि ड्रायव्हरने म्हटलं, आधी सही करा, मग चावी देतो?

मामा: सही कर, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिही, गाडी अजून तपासलेली नाही, ताबा घेतला, वेळ अमुक. मग त्याच्यासमोर गाडीभोवती फिर. वाकून बंपरची कड बघ, बॉनेटवर तिरप्या उजेडात डाग बघ, ओडोमीटर जुळव. काही दिसलं तर त्याच कागदावर लिही, त्याच्या हातातल्या प्रतीवर आणि तुझ्या प्रतीवरही, दोन्हींचे फोटो काढ. दुरुस्तीला टाकू नकोस. विमा कंपनीला त्याच दिवशी कळव, सर्व्हेअर बघून जाऊ दे. आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस पाठव. कायद्यात तिची मुदत बुकिंगच्या तारखेपासून एकशे ऐंशी दिवस आहे, पोचल्यापासून नव्हे. तोंडी बोलण्यात, फोनवर आश्वासनं ऐकण्यात लोक ती घालवतात.

भाची: तरीही नाही ऐकलं, तर खटला पुण्यात की बंगळुरूत?

मामा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतेस तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पूर्वी त्यांच्या ऑफिसच्या किंवा प्रकार घडला त्या गावी जावं लागायचं. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदव, कधी कधी तेवढ्यानेही कंपनी हलते.

भाची: मग उद्या त्या दोघांकडून कोऱ्या बिल्टीची प्रत मागवते, पुढची आणि मागची दोन्ही पानं. जो आधी पाठवेल त्याच्याशी बोलू.

मामा: आणि जो पाठवणार नाही त्याचा दर कितीही कमी असो, तिथे जायचं नाही. प्रत आली की मला दाखव. मी असतो तर गाडी चालवतच नेली असती, ते मी अजूनही म्हणतो.

भाची: प्रत आली की रात्री तुमच्याकडे घेऊन येते. किंमत कुठल्या रकान्यात लिहायची ते तुम्हीच दाखवा.